परवाना कुणाला? बंदुकीआधीच्या चौकशीचा इतिहास

कोकणातल्या एखाद्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर त्याला आधी दुकानात नव्हे, सरकारी कार्यालयात जावे लागते. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि मोठ्या शहरात पोलीस आयुक्त त्याचा अर्ज घेतात. मग जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. अर्जदाराविरुद्ध गुन्हा नोंदलेला आहे का, त्याचे वर्तन कसे आहे, त्याला शस्त्र कशासाठी हवे आहे आणि ते तो कुठे ठेवणार आहे, हे त्यात पाहिले जाते. सोबत प्रकृतीचा व मनःस्वास्थ्याचा वैद्यकीय दाखलाही लागतो. या चौकशीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती कुणी सुरू केली आणि कुणाच्या भीतीने सुरू केली, हे विचारायचे राहूनच जाते. हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

इंग्रजपूर्व महाराष्ट्रात शस्त्र ही चैनीची वस्तू नव्हती, उपजीविकेचे साधन होते. मराठा लष्करातील ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ हा भेदच त्यावर उभा आहे. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. ज्याचे शस्त्र त्याच्या घरात असते, तो आपली चाकरी बदलू शकतो. राज्यकर्त्यांना हे ठाऊक होते आणि गैरसोयीचे असले तरी ते मान्यही होते. गावचे राखणदार, बैरागी, व्यापाऱ्यांचे तांडे, सगळेच थोडेफार सशस्त्र असत. या काळाचे सोनेरी चित्र रंगवण्याचे कारण नाही, कारण त्याच शस्त्रांनी पेंढाऱ्यांनी गावेच्या गावे लुटली. मात्र हत्यार बाळगण्यासाठी सरकारचा कागद लागतो ही कल्पना त्या समाजाला परकी होती.

ती आली १८५७च्या उठावाबरोबर. त्या वर्षी कंपनी सरकारने शस्त्रे व दारूगोळा यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि ठिकठिकाणी हत्यारे नोंदवण्याचे व जमा करण्याचे हुकूम सुटले. त्याचे सर्वांत दाहक पडसाद दक्षिण मराठा मुलखात उमटले. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात हलगली नावाचे गाव आहे. आज ते कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात येते. तिथले बेरड शिकार आणि राखण यांवर जगणारे लोक होते. हत्यार खाली ठेवायचे म्हणजे त्यांच्यासाठी केवळ लोखंड देऊन टाकणे नव्हते. आपली ओळख आणि पोटाचे साधन दोन्ही सोडून देणे होते. त्यांनी नकार दिला. १८५७च्या नोव्हेंबरअखेर इंग्रजी फौजेने गावाला वेढा घातला, गाव जाळले, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना डिसेंबरात फाशी दिली. पुढे जॉन फेथफुल फ्लीट या मुंबई इलाख्यातील अधिकाऱ्याने, ज्याला आपण शिलालेखांचा अभ्यासक म्हणून ओळखतो, हलगलीच्या बेरडांवरचे कन्नड लोकगीत नोंदवून ठेवले. त्यामुळे ही कहाणी सरकारी अहवालांबाहेरही टिकली.

पुढच्याच वर्षी नरगुंदला ठिणगी पडली. तिथले संस्थानिक भास्करराव भावे, म्हणजे बाबासाहेब, यांना दत्तक घेण्याची परवानगी इंग्रजांनी नाकारली होती. ते शल्य होतेच. त्यात तोफा व दारूगोळा सोपवण्याची मागणी आली. मे १८५८मध्ये इंग्रजांचा पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली. हलगलीत सामान्य शिकारी होते आणि नरगुंदात गादीवरचा राजा. दोघांच्या दारी एकच मागणी पोहोचली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उठाव शमला तरी हुकूम शमले नाहीत. १८६०च्या एकतिसाव्या कायद्याने निर्बंधांना अधिक टिकाऊ रूप मिळाले आणि सरकार जाहीर करील त्या मुलखात निःशस्त्रीकरण करण्याची मुभा राहिली. पण ज्या कायद्याने खरा पाया घातला तो १८७८चा अकरावा कायदा, म्हणजेच हिंदी शस्त्रकायदा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, मार्च १८७८मध्ये तो मंजूर झाला. त्याच महिन्यात देशी भाषांतील वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाही झाला होता. एकाच महिन्यात लेखणी आणि तलवार या दोहोंची तजवीज लागली. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांनी चार वर्षांत रद्द केला. शस्त्रकायदा मात्र रिपन यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक व्हाइसरॉयने जपला, आणि तो स्वतंत्र भारतालाही वारशाने मिळाला.

या कायद्याची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सारा वाद तिच्याभोवती फिरतो. बंदुका, तलवारी, संगिनी, कट्यारी, भाले, फार काय धनुष्यबाणही ‘शस्त्र’ या व्याख्येत आले. परवान्याशिवाय सशस्त्र फिरणे गुन्हा ठरला. शस्त्र लपवून बाळगण्याच्या गंभीर प्रकारांना सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. परवाना कुणाला द्यावा याचे निकष मात्र कायद्यात नव्हते. ते नियमांवर आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले होते, आणि नकाराचे कारण अर्जदाराला कळवण्याचे बंधन कायद्याने घातले नव्हते. त्याहून बोचरी गोष्ट अशी की नियमांनुसार युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट होती. मुंबईच्या एखाद्या कचेरीतला गोरा कारकून विनापरवाना बंदूक ठेवू शके, आणि त्याच कचेरीतला पदवीधर हिंदी वरिष्ठ अर्ज घेऊन दाराशी उभा राही.

म्हणून ‘पार्श्वभूमीची चौकशी’ हा आजचा शब्द त्या काळाला लावताना जपून राहावे लागते. चौकशी होत होती. पण हा मनुष्य रागीट आहे का, दारू पितो का, शेजाऱ्याशी भांडतो का, हे तिचे मुख्य प्रश्न नव्हते. हा मनुष्य सरकारचा आहे का, हा मुख्य प्रश्न होता.

कायदा होऊन वर्षही लोटले नव्हते, तोच फेब्रुवारी १८७९मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी पुण्याच्या आसपास बंड उभारले. फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीला होते. कागदोपत्री पाहता त्यांच्याहून निरुपद्रवी प्रजाजन सापडणे कठीण होते. त्यांनी शस्त्रविद्या शिकली ती लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत, आणि त्यांच्याबरोबर उभे राहिले ते रामोशी आणि इतर जातींतील लोक. परवान्याच्या भिंतीने त्यांना अडवले नाही. जुलै १८७९मध्ये फडके पकडले गेले आणि १८८३मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. सरकारने मात्र यातून शस्त्रकायदा निरुपयोगी आहे असा नव्हे, तर तो अपुरा आहे असाच धडा घेतला असावा, असे पुढची कठोरता पाहून वाटते.

सनदशीर मार्गानेही विरोध सुरू झाला. १८८७च्या मद्रास काँग्रेसमध्ये शस्त्रकायद्यावर ठराव आला आणि तरुण बिपिनचंद्र पाल यांनी तो कायदा भेदभावाचा आहे म्हणून रद्द करा, असे आग्रहाने मांडले. त्या काळातले आक्षेप वाचताना दोन सूर ऐकू येतात. एक व्यवहाराचा होता: वाघ-बिबटे माणसे मारतात, डुकरे पिके उलथून टाकतात आणि गावात बंदूक नाही. दुसरा स्वाभिमानाचा होता: संपूर्ण राष्ट्रावर अविश्वास दाखवून त्याच राष्ट्राकडून निष्ठा कशी मागता? माझ्या मते दुसरा सूर अधिक खोल होता, आणि इंग्रजांना तोच कळत नव्हता. किंवा कळत होता आणि म्हणूनच ते ऐकत नव्हते.

आता थोडे लंडनला जाऊ, कारण या कायद्याचे खरे रूप तिथल्या आरशात दिसते.

त्याच साम्राज्याच्या राजधानीत विसाव्या शतकाच्या आरंभी पिस्तूल घेणे किती सोपे होते? १८७०च्या कायद्यानुसार पोस्टात १० शिलिंग भरले की बंदूक बाळगण्याचा परवाना मिळत असे. तो मुळात महसुलासाठी होता. १९०३च्या पिस्तूल कायद्याने छोट्या नळीच्या पिस्तुलांवर थोडे निर्बंध आणले: विकत घेणाऱ्याकडे असा परवाना असावा, किंवा तो घरमालक असून पिस्तूल स्वतःच्या घरात वापरणार असावा, आणि तो १८ वर्षांखालील नसावा. पोलिसांचा अहवाल नाही, चारित्र्याचा दाखला नाही, निष्ठेची परीक्षा नाही.

याच लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा शिकत होते. १९०९च्या जानेवारीत त्यांनी गॅमेजेस या प्रसिद्ध दुकानातून कोल्ट बनावटीचे स्वयंचलित पिस्तूल विकत घेतले आणि नेमबाजीचा सराव केला. १ जुलै १९०९ रोजी त्यांनी इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये सर कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हे पारशी गृहस्थही त्यात मरण पावले. १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात धिंग्रा यांना फाशी झाली. अमृतसरच्या ज्या तरुणाला पंजाबात अशा शस्त्रासाठी दंडाधिकाऱ्याची मर्जी लागली असती, त्याला साम्राज्याच्या हृदयस्थानी ते दुकानाच्या काउंटरवर मिळाले. माणूस तोच होता आणि हातही तेच. कायद्याने माणसाचे चारित्र्य नव्हे, त्याची जागा तपासली होती.

इंडिया हाउसमधल्या मंडळींनी ही फट चांगली ओळखली होती. त्याच वर्षी विनायक दामोदर सावरकर यांनी युरोपात मिळवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला, तो यांतल्याच एका पिस्तुलाने. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना एप्रिल १९१०मध्ये ठाण्यात फाशी झाली. एकतीस वर्षांच्या शस्त्रकायद्याने नाशिकच्या शेतकऱ्याच्या हातून ठासणीची बंदूक काढून घेतली होती, आणि निश्चय केलेल्या तरुणाच्या हाती सर्वांत आधुनिक पिस्तूल पोहोचण्यापासून तो रोखू शकला नव्हता. हे वाक्य आजच्या वादात कुणी शस्त्रनियंत्रण निरर्थक असल्याचा पुरावा म्हणून वापरू नये. नाशिकच्या प्रकरणात फसला तो निष्ठेचा निकष. सुरक्षिततेच्या निकषाची तर अजून कुणी सुरुवातच केली नव्हती.

ब्रिटननेही पुढे आपले दार लोटून घेतले. पहिल्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतत होते, रशियात क्रांती झाली होती, आयर्लंड पेटले होते. १९२०च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बंदूक घेण्यासाठी पोलीस प्रमुखाचे प्रमाणपत्र आणि ‘योग्य कारण’ आवश्यक झाले. राज्यकर्त्यांना आता स्वतःच्या प्रजेचीही धास्ती वाटू लागली होती. भारतात आधी शिकलेला धडा घरी परतला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो अगदीच निराधार नाही.

त्याच सुमारास भारतात १९२०च्या नव्या नियमांनी वंशावर आधारलेली सूट काढून टाकली. हा मोठा बदल होता, यात शंका नाही. पण वंशाची जागा प्रतिष्ठेने घेतली: पदवीधारी, सरदार, कायदेमंडळाचे सदस्य अशांना सवलती राहिल्या. गोरा-काळा भेद गेला आणि मोठा-छोटा भेद बसला. हलगलीच्या बेरडाच्या नातवाला त्यातून काय मिळाले असेल, याची कल्पना करावी.

अहिंसेच्या पुजाऱ्याचे नाव या कहाणीत येईल असे अनेकांना वाटत नाही, पण ते येते. १९१८मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी काढलेल्या पत्रकात, एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजी राजवटीच्या दुष्कृत्यांपैकी सर्वांत काळे कृत्य म्हणून इतिहासात नोंदले जाईल, या आशयाचे विधान आहे. जानेवारी १९३०मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या ११ मागण्या ठेवल्या, त्यांतल्या शेवटच्या मागणीत आत्मरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत आणि त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, असे म्हटले होते. मिठावरचा कर सर्वांना आठवतो, ही मागणी फारशी कुणाला आठवत नाही. पुढच्या वर्षी कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, हे कलम आले.

मग स्वातंत्र्य आले, आणि हा हक्क संविधानात आला नाही. का?

२ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता: इंग्रजांनी लोकांना शस्त्र नाकारले ते शांततेसाठी नव्हे, तर परकी सरकार उलथून टाकण्यासाठी गुलाम प्रजेने संघटित होऊ नये म्हणून. काँग्रेसचे जुने ठराव त्या परिस्थितीला दिलेले उत्तर होते आणि ती परिस्थिती आता उरलेली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार निर्वेधपणे विकत घेण्याचा हक्क दिला, तर राज्यकारभार कसा चालेल, हे त्यांना कल्पनेतही आणता येत नव्हते. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आहे, पण तो उलट अंगाने: नागरिकांना शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क आहे.

बाबासाहेबांचे विश्लेषण निर्दोष होते. प्रश्न एवढाच होता की परिस्थिती गेली तरी १८७८चा कायदा गेला नव्हता. तो आणखी चौदा वर्षे चालू राहिला. १९५९मध्ये संसदेने नवा शस्त्र कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला. त्याच्या उद्देशपत्रिकेत जुन्या कायद्याचा हेतू संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणे हा होता, अशी स्पष्ट कबुली आहे. कायदा पाळणारा नागरिक शस्त्रासाठी ताटकळतो आणि दरोडेखोर निर्धास्त फिरतो, ही तक्रारही आहे.

या कायद्यातले तीन बदल मला मोलाचे वाटतात. तलवार, भाला यांसारख्या शस्त्रांना सर्वत्र परवान्याची सक्ती उरली नाही. सरकारने एखाद्या क्षेत्रासाठी तशी अधिसूचना काढली तरच ती लागू होते. दुसरा बदल भाषेतला आहे. आत्मरक्षणासाठी वा शिकारीसाठी २० इंचांहून आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक, किंवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर कायद्यात नमूद केलेले नकाराचे कारण नसताना परवाना द्यावा, असे कलम १३ सांगते; पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र ‘योग्य कारण’ पटवावे लागते. नकाराची कारणे कलम १४मध्ये आहेत, ती लेखी नोंदवावी लागतात, आणि सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर मागितल्यास अर्जदारालाही द्यावी लागतात. त्यावर अपीलही करता येते. तिसरा बदल त्याच कलमात एका ओळीत दडलेला आहे: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावरून परवाना नाकारता येणार नाही. सरदार आणि पदवीधारी यांच्या यादीला दिलेले हे उशिराचे पण थेट उत्तर होते.

आपण ज्याला पार्श्वभूमीची तपासणी म्हणतो ती खऱ्या अर्थाने इथून आकार घेते. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर पाच वर्षे शस्त्र मिळत नाही. चांगल्या वर्तनाचे जामीनपत्र लिहून दिलेल्या व्यक्तीला त्या मुदतीत मिळत नाही. मनोविकल व्यक्तीला मिळत नाही. वयाची अट आज २१ वर्षे आहे. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवण्याची तरतूद १९८३च्या दुरुस्तीने ठळक झाली. त्याच वेळी एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीन शस्त्रे ही मर्यादा आली. २०१६च्या नियमांनी वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीचे प्रशिक्षण यांवर भर दिला. २०१९च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. प्रत्येक परवानाधारकाला आता राष्ट्रीय नोंदीत एक स्वतंत्र क्रमांक असतो.

म्हणजे प्रश्न बदलला. ‘हा मनुष्य सरकारचा आहे का?’ याऐवजी ‘हा मनुष्य इतरांना धोका आहे का?’ असे विचारले जाऊ लागले. पण विचारणारे खाते, अहवाल पाठवणारे ठाणे आणि सही करणारा दंडाधिकारी ही साखळी जवळपास तीच राहिली, आणि ‘योग्य कारण’ म्हणजे काय हे ठरवताना अधिकाऱ्याच्या हाती बरेच काही राहते. वजनदार माणसाला पिस्तूल लवकर मिळते आणि ज्याला खरोखर धमक्या येतात तो खेटे घालतो, ही तक्रार जुनी आहे. कायद्याचे शब्द सुधारणे हे कचेरीची सवय सुधारण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

जुन्या प्रश्नाचा एक जिवंत अवशेष मात्र कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात पाहायला मिळतो. १८६१मध्ये म्हैसूर व कूर्गचे कमिशनर मार्क कब्बन यांनी तिथल्या कोडव लोकांना, त्यांच्या सन्मानाची व राजनिष्ठेची वाखाणणी करून, हत्यारबंदीतून वगळले. १९२४च्या नियमांतही ती सूट होती. १९५९चा कायदा आल्यावर तिला नवे रूप मिळाले: कोडव आणि जम्मा पद्धतीने जमीन धारण करणारे यांना ठरावीक बंदुकांसाठी परवान्याऐवजी सूट-प्रमाणपत्र मिळते. ती वंशावर आधारलेली आहे म्हणून आव्हान दिले गेले. २०२१मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कोडवांच्या घरी बंदूक ही पूजेची वस्तू आहे, कैलपोळ्द सणाला तिची पूजा होते, आणि त्या परंपरेचा आदर करायलाच हवा. हलगलीच्या बेरडांचीही हत्याराशी अशीच जवळीक होती. एकाला सूट मिळाली आणि दुसऱ्याला फाशी. केंद्र सरकारच्या २०१९च्या अधिसूचनेनुसार कोडवांची ही सूट २०२९पर्यंत चालू आहे.